जुन्या कॅटलॉग कार्डांवर फ्रेंच शब्द

दक्षिण मुंबईतील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी बरीच वर्षे ग्रंथपाल आहे. एका निवृत्त प्राध्यापकांच्या कुटुंबीयांनी त्यांचा संग्रह आमच्या ग्रंथालयाला देणगी दिला आणि त्यातली चार कपाटे फ्रेंच पुस्तकांची निघाली. ड्यूई दशांश वर्गीकरणात फ्रेंच भाषेला 440 आणि फ्रेंच साहित्याला 840 हे क्रमांक आहेत, एवढे कोणत्याही ग्रंथपालाला पाठ असते. परंतु हातातले पुस्तक व्याकरणाचे आहे की नाटकाचे, तो पहिला खंड आहे की तिसरा, आवृत्ती नवी आहे की जुनीच पुन्हा छापलेली, हे शीर्षकपृष्ठ वाचल्याशिवाय ठरत नाही. मोबाइलचा कॅमेरा पानावर धरला की अर्थ मिळतो, हे खरे. पण प्रत्येक पुस्तकासाठी मोबाइल धरून नोंदी करायच्या, तर एका कपाटालाच वर्ष लागले असते, आणि मिळालेला अर्थ बरोबर आहे की नाही हे ओळखण्याइतकीही भाषा मला येत नव्हती. तेव्हा निदान प्राथमिक शब्दसंग्रह तरी स्वतः शिकावा, असे ठरवले.

मुंबईत फ्रेंच शिकण्याची सोय उत्तम आहे. न्यू मरीन लाइन्सला आलियाँस फ्राँसेझ आहे, मुंबई विद्यापीठाचा फ्रेंच विभाग कलिना संकुलात आहे, आणि घरगुती शिकवण्या तर उपनगरांमध्ये गल्लोगल्ली आहेत, कारण अकरावी-बारावीला फ्रेंच घेतली की गुण चांगले मिळतात, असा सर्वसाधारण समज आहे. ग्रंथालयाच्या वेळा सांभाळून जमेल असा वर्ग मला माटुंग्याला, एका निवृत्त प्राध्यापिकेच्या घरी सापडला. वर्गात त्यांना सगळे ‘मादाम’ म्हणत. मी त्यांच्याहून फार लहान नव्हते आणि आमचे बोलणे मराठीतून चाले, म्हणून मी ‘बाई’च म्हणत असे. माझ्याबरोबर अकरावीची मुले होती, हॉटेल मॅनेजमेंटची एक मुलगी होती आणि कॅनडाला जाण्याच्या तयारीत असलेले एक तरुण जोडपे होते. शिकवण्याचे माध्यम अर्थातच इंग्रजी होते. मुंबईत कोणतीही परकीय भाषा इंग्रजीच्या खांद्यावर बसूनच शिकवली जाते. याविषयी माझे जे मत झाले, ते मी प्रारंभीच सांगून टाकते: फ्रेंच शब्दाच्या अर्थापर्यंत जायला इंग्रजीचा फार उपयोग होतो, पण त्याचा उच्चार आणि त्याचे लिंग पकडायचे असेल, तर मराठी माणसाने आपली मराठीच पुढे करावी.

इंग्रजीचा उपयोग कोणीही नाकारू नये. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढे काही शतके तिथल्या दरबाराची व न्यायालयांची भाषा फ्रेंच राहिली. त्यामुळे इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा भरणा एवढा झाला की, नवशिक्याला पहिल्याच दिवशी शेकडो शब्द फुकट मिळतात. एडिशन, कलेक्शन, ट्रॅडिशन, नेशन हे सारे शब्द फ्रेंचमध्ये जवळजवळ त्याच अक्षरांनी लिहितात, आणि ‘शन’ने संपणारे असे शब्द सर्रास स्त्रीलिंगी असतात. काही अक्षरांवर छोटी टोपी असते, तिचाही असाच लाभ होतो: टोपी जिथे आहे, तिथे पुष्कळदा एकेकाळी ‘एस’ होता आणि पुढे तो गळून पडला. तो मनातल्या मनात परत घातला की, ‘ओपिताल’मधून हॉस्पिटल दिसू लागते आणि ‘फोरे’मधून फॉरेस्ट. ही युक्ती बाईंनी सांगितली, तेव्हा मी शीर्षकांतले टोपीवाले शब्द हुडकायच्या मागेच लागले होते.

पण फुकटात मिळालेल्या मालात खोटी नाणीही असतात, आणि त्यातले एक नेमके माझ्याच धंद्यातले होते. फ्रेंचमधली ‘लिब्रेरी’ म्हणजे लायब्ररी नव्हे, ते पुस्तकांचे दुकान. ग्रंथालयाला ‘बिब्लियोतेक’ म्हणतात. ‘कोलेज’ म्हणजे महाविद्यालय नव्हे, ती आपल्या सहावी ते नववीच्या वयाच्या मुलांची शाळा. हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलीला ‘मेन्यू’ने असेच चकवले: आपण ज्याला मेन्यू म्हणतो त्या यादीला तिकडे ‘कार्त’ म्हणतात, आणि ‘मेन्यू’ म्हणजे ठरावीक किमतीचे ठरावीक पदार्थांचे जेवण, आपल्याकडच्या राइस प्लेटसारखे. असे शब्द घोकून पाठ होत नाहीत. ते एकदा वाक्यात भेटले की विसरत नाहीत.

उच्चाराच्या बाबतीत मात्र इंग्रजी सरळ आड येते. फ्रेंचमधला ‘टी’ हा आपला ‘त’ आहे आणि ‘डी’ हा आपला ‘द’ आहे. जीभ दातांना लावून, काहीही ओढाताण न करता म्हणायचा. ‘पी’ आणि ‘सी’चा क हेही आपल्या प आणि क यांसारखे, हवेचा झोत न सोडता म्हणायचे असतात. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, त्यांना यासाठी मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. आपल्याला हे आईच्या दुधाबरोबर मिळालेले असते. असे असूनही वर्गातली सगळी मराठी मुले ‘ताब्ल’ला ‘टाब्ल’ म्हणत, कारण रोमन अक्षर डोळ्यांना दिसले रे दिसले की, इंग्रजी शाळेत बसलेली सवय जिभेला टाळूकडे वळवते. बाईंनी त्यावर साधा उपाय केला. नवा शब्द त्या फळ्यावर लिहीतच नसत. आधी आम्ही तो ऐकायचा, आपापल्या वहीत देवनागरीत टिपायचा, मोठ्याने म्हणायचा, आणि जिभेवर बसल्यावरच त्याचे रोमन लेखन फळ्यावर येई. हा उपाय मी पुढे घरच्या अभ्यासातही पाळला. त्यामुळे माझ्या तोंडी ‘त’ आणि ‘द’ स्वच्छ राहिले, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

अनुनासिक स्वरांतही आपण कोरे नसतो. फ्रेंचमध्ये आँ, ओं आणि अँ असे नाकातले स्वर आहेत आणि त्यांच्या मागून न किंवा म उच्चारायचा नसतो. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी मराठीतले अनुच्चारित अनुस्वार लेखनातून काढून टाकले. पण कोकणातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘तें केलें’ मधला नाकातला स्वर ऐकत मी मोठी झाले आहे. कोकणी माणूस नाकात बोलतो, म्हणून आमची आयुष्यभर चेष्टा झाली; माटुंग्याच्या त्या वर्गात या गोष्टीला प्रथमच मान मिळाला. ‘पँ’ म्हणजे पाव, ‘व्हँ’ म्हणजे वीस, ‘नों’ म्हणजे नाव, हे शब्द मला फारसे शिकावेच लागले नाहीत.

देवनागरी सगळीकडे पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. फ्रेंच ‘यू’ अक्षराचा स्वर आपल्याकडे नाही. ओठ ऊ म्हणताना करतो तसे गोल ठेवायचे आणि जीभ मात्र ई म्हणताना असते तशी पुढे न्यायची; मग जो आवाज निघतो, तो तो स्वर. मी वहीत दोन्हींसाठी ऊ लिहीत असे, तेव्हा ‘दसू’ हा एकच शब्द दोनदा आला: एकाचा अर्थ ‘वर’ आणि दुसऱ्याचा ‘खाली’. ‘रू’ही दोन झाले, एक रस्ता आणि एक चाक. शेवटी या खास स्वरासाठी मी ऊभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढू लागले. चिन्ह अगदी घरगुती होते, पण वर्तुळ दिसले की ओठ पुढे काढायचे, ही सवय लागली. फ्रेंच ‘र’ हा घशातला असतो, त्यासाठी गझल ऐकणाऱ्यांना ठाऊक असलेला ‘ग़’ जवळचा पडतो.

याहून मोठी अडचण म्हणजे फ्रेंच शब्दांच्या शेवटची व्यंजने बहुधा लिहायची असतात, म्हणायची नसतात. मराठी लिहितो तसे बरेचसे बोलतो; त्यामुळे कानाने अक्षर आणि डोळ्याने आवाज ओळखता येतो, असे आपण गृहीत धरतो. फ्रेंचमध्ये ‘व्हेर’ असे ऐकू आले, तर तो शब्द हिरवा असेल, काचेचा पेला असेल, किडा असेल किंवा ‘कडे’ या अर्थाचे अव्यय असेल. लिहिताना चौघांची अक्षरे वेगळी, कानाला चौघेही सारखे. माझे बरेचसे काम छापील पानाशी असल्यामुळे हे शब्द मला डोळ्यांनी चटकन ओळखू येत आणि कानांनी मुळीच नाही. कॅनडाला जाणाऱ्या जोडप्याचे नेमके उलटे होते. ते दोघे दिवसभर ध्वनिमुद्रणे ऐकत आणि लिहिताना अडत. बाईंनी आमची अदलाबदल करून टाकली: मी श्रुतलेखन घ्यायचे आणि त्यांनी शीर्षकपृष्ठे वाचायची.

आता लिंगाविषयी. वर्गात यावरून जेवढी कुरकुर झाली, तेवढी दुसऱ्या कशावरूनही झाली नाही. टेबल स्त्रीलिंगी का, पुस्तक पुल्लिंगी का, याला काही नियम आहे का, असे प्रश्न मुले इंग्रजीतून विचारत आणि निर्जीव वस्तूला लिंग असते, हेच मुळी त्यांना विचित्र वाटे. त्याच मुलांना मी जिन्यात एकमेकांशी ‘माझी बॅग कुठेय’ आणि ‘माझा मोबाइल दे’ असे बोलताना ऐकत होते. परक्या भाषेतून आलेल्या बॅगेला स्त्रीलिंग आणि मोबाइलला पुल्लिंग त्यांनी कोणत्या नियमाने दिले? आमच्या ग्रंथालयातच पाहा: तो ग्रंथ, ती पोथी, ते पुस्तक. वस्तू एकाच जातीची आणि लिंगे तिन्ही. मराठी मूल हे कोणतीही तक्रार न करता शिकते, कारण ते ‘पोथी’ हा शब्द कधी एकटा ऐकतच नाही. ‘जुनी पोथी’, ‘पोथी उघडली’, ‘पोथी ठेव तिच्या जागेवर’, असाच ऐकते. फ्रेंच शब्दही असाच, सोबत्यासकट उचलावा लागतो.

फ्रेंचमध्ये दोनच लिंगे आहेत, त्यामुळे आपले नपुंसकलिंगी शब्द कुठे जातील, ते सांगता येत नाही. पुस्तक पुल्लिंगी होते, पान स्त्रीलिंगी. पाणीही स्त्रीलिंगी, कपाटही स्त्रीलिंगी. खुर्ची, खिडकी, धूळ आणि शिडी दोन्हीकडे स्त्रीलिंगी आहेत, भिंत मात्र तिकडे पुल्लिंगी. सूर्य तिकडेही पुरुष आहे, पण आपला चांदोमामा तिकडे बाई आहे. शब्दांच्या शेवटांवरून थोडीफार अटकळ बांधता येते: ‘माँ’ आणि ‘आझ’ अशा आवाजांनी संपणारे पुष्कळसे शब्द पुल्लिंगी निघतात, आणि गराज, मसाज हे आपल्या ओळखीचे पाहुणे त्यांतलेच. परंतु ‘आझ’चा नियम नीट मनात बसावा, तोच ‘पाझ’, म्हणजे पान, हा ग्रंथपालाला दर घटकेला लागणारा शब्द त्याचा अपवाद निघाला. हाच शब्द पुल्लिंगी केला, तर त्याचा अर्थ राजवाड्यातला हुजऱ्या असा होतो. ‘लीव्र’चेही तसेच आहे: पुल्लिंगी असेल तर पुस्तक, आणि स्त्रीलिंगी असेल तर पौंड किंवा बाजारातला अर्धा किलो.

विशेषणांनी मला खरा दिलासा दिला. मराठीत जुना, जुनी, जुने असे होते, पण लाल मात्र लालच राहतो. फ्रेंचमध्येही ‘रूझ’, म्हणजे लाल, दोन्ही लिंगांना तसाच चालतो आणि हिरवा बदलतो. लहान पुस्तक ‘प्ती लीव्र’, पण लहान पान ‘प्तीत पाझ’. इथे पुल्लिंगात मुका असलेला शेवटचा त स्त्रीलिंगात बोलका होतो, म्हणजे लिंग कानाला ऐकू येते. मोठ्यासाठी ‘ग्राँ’ आणि ‘ग्रांद’. मी आनंदात आहे, हे मला ‘कोंतांत’ असे म्हणावे लागते आणि वर्गातल्या मुलाला ‘कोंताँ’. ‘मी दमले’ आणि ‘मी दमलो’ यांतला फरक दिवसभर पाळणाऱ्या माणसाला यात काय अवघड आहे? तीच गोष्ट ‘त्यू’ आणि ‘व्हू’ यांची. जवळच्या एकाला ‘तू’, आणि अनेकांना किंवा मान द्यायच्या एकाला ‘तुम्ही’, ही वाटणी आपल्याकडे अगदी तशीच आहे. बाईंनी ती इंग्रजीतून समजावयाला अर्धा तास घेतला. मराठीतून एका वाक्यात संपली असती, असे मी त्यांना नंतर म्हटले, तेव्हा त्या हसल्या आणि पुढच्या तुकडीला खरोखरच मराठीतून सांगू लागल्या.

घोकंपट्टीसाठी मी जे साधन वापरले, ते माझ्याच ग्रंथालयातले होते. संगणकीकरण झाल्यावर लाकडी खणांतली जुनी कॅटलॉग कार्डे बाद झाली होती. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचे जाड कार्ड, खालच्या कडेला मध्यभागी सळईसाठी भोक, एका बाजूला टंकलिखित नोंद आणि मागची बाजू कोरी. रद्दीत जाणाऱ्या या कार्डांचा एक गठ्ठा प्राचार्यांची परवानगी घेऊन मी ठेवून घेतला आणि एक रिकामा खणही मागून घेतला. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने 1972 साली मांडलेली खोक्याची पद्धत त्या खणात अगदी चपखल बसते. खणाचे पाच कप्पे करायचे. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात घालायचे आणि तो कप्पा रोज पाहायचा. शब्द आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, आणि मागचे कप्पे क्रमाने अधिकाधिक दिवसांनी पाहायचे. शब्द आठवला नाही, तर ते कार्ड कितव्याही कप्प्यातून थेट पहिल्यात परत येते. नवी शिकलेली गोष्ट प्रथम झपाट्याने आणि मग सावकाश विसरते, हे हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते; लाइटनरची पद्धत त्या उताराला बांध घालते.

कार्डावर काय लिहायचे, यात मात्र मी माझे नियम केले. एका बाजूला अर्थ, तो नेहमी मराठीत. इंग्रजी लिहिले की उच्चार इंग्रजीकडे झुकतो, याचा उल्लेख वर आलाच आहे. दुसऱ्या बाजूला फ्रेंच शब्द, आणि त्याच्या आधी ‘अँ’ किंवा ‘यून’, म्हणजे ‘एक’चे पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी रूप. ‘ल’ आणि ‘ला’ ही दुसरी जोडी मी मुद्दाम टाळली, कारण शब्द स्वराने सुरू झाला की दोन्हींचा फक्त ‘ल्’ उरतो आणि लिंग झाकले जाते. ‘लार्म्वार’ ऐकून कपाट स्त्रीलिंगी आहे हे कळणार नाही, ‘यून आर्म्वार’ ऐकून कळते. शब्दाखाली एखादे लहानसे वाक्य किंवा निदान एक विशेषण. आणि कोपऱ्यात तो शब्द मला कुठे भेटला, त्याची खूण: कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर, किंवा बाईंच्या कोणत्या वाक्यात. ज्या कार्डावर अशी खूण नसे, ते पहिल्या कप्प्यातून हलायला फार वेळ घेई.

एका दिवशी एकाच जातीचे शब्द घ्यायचे नाहीत, हा नियम अनुभवाने झाला. सगळे रंग एका दमात पाठ केले की ते एकमेकांत मिसळतात. वारांचेही तेच, ‘मार्दी’ आणि ‘मेर्क्रदी’ यांची गल्लत होतच राहते. तेच शब्द विखरून, एक रंग, एक भाजी, एक क्रियापद असे घेतले की त्रास देत नाहीत. पाठ्यपुस्तकांना मात्र रंगांचा धडा, फळांचा धडा, कपड्यांचा धडा असे कप्पे करण्याची फार हौस असते. सकाळी डोंबिवलीहून येताना जागा मिळाली, तर रबरबँड लावलेला गठ्ठा पर्समधून काढून मी कार्डे पाहत असे. जागा मिळाली नाही, तर त्या दिवशी पहिला कप्पा दुपारच्या डब्यानंतर.

वारांवरून आठवले: त्यांचा क्रम लक्षात ठेवायला मराठी माणसाला काही करावे लागत नाही. सोमवारात चंद्र आहे, ‘लँदी’तही चंद्र आहे, पुढे मंगळ, बुध, गुरू आणि शुक्र हे ग्रह त्याच क्रमाने दोन्हीकडे येतात. शनिवार-रविवारी मात्र वाटा फुटतात, कारण तिथे ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतले सब्बाथ आणि प्रभूचा वार आले आहेत. दंत आणि ‘दाँ’, जानु आणि ‘झनू’, नव आणि ‘नफ’ ही नाती त्याहून जुनी. आणि नव या शब्दाचे ‘नऊ’ व ‘नवे’ असे जे दोन अर्थ संस्कृतात आहेत, तेच दोन्ही त्या फ्रेंच शब्दालाही आहेत. पोर्तुगीजांनी मुंबई-वसईच्या पट्ट्यात ठेवून दिलेले साबण, अननस आणि पगार हे शब्द ‘साव्हों’, ‘आनानास’ आणि ‘पेये’ यांना ओळख देतात. या गमती मी कार्डांवर लिहून ठेवल्या आहेत, पण अशा जुळण्या शोधण्यात नवशिक्याचा फार वेळ जातो, हे खरे. आणि त्यांतून मिळणारे शब्द मोजकेच असतात.

संख्यांनी मात्र सगळ्यांची परीक्षा पाहिली. साठपर्यंत ठीक चालते. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा, आणि नव्व्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. मुले हसली. मला हसू आले नाही, कारण ‘चार विसा आणि वर पाच’ असे नारळ मोजणारी माणसे मी गावी पाहिली आहेत. पाच विसांचे शंभर होतात, हे त्यांच्या हिशेबाचे पहिले सूत्र. शिवाय एकोणऐंशी आणि एक्याऐंशी पाठ करून बसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या संख्यावाचनाला हसण्यात फारसा अर्थ नाही. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘त्रेसष्ट’बरोबर ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता! वर्गातल्या निम्म्या मुलांना ‘एकोणऐंशी’ म्हणजे किती, हे इंग्रजीतून विचारावे लागे, तो भाग वेगळा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला ‘सेप्तांत’ आणि नव्वदला ‘नोनांत’ असे सुटसुटीत शब्द आहेत, हे कळल्यावर सर्वांनी एकमताने तिकडेच जायचे ठरवले.

वाचताना या संख्या अडवत नाहीत, ऐकताना अडवतात. फ्रान्समध्ये फोन क्रमांक दोन-दोन अंकांच्या जोड्यांत सांगतात, आणि ‘स्वासांत’ ऐकून सहा लिहावा, तर पुढे ‘कॅंझ’ येते आणि झालेले असतात पंच्याहत्तर. बाईंनी मला माझ्याच कामातला सराव दिला: पुस्तकाचे प्रकाशनवर्ष मोठ्याने म्हणायचे. 1898 म्हणजे हजार, आठशे, चार-वीस-अठरा. चार कपाटांतली पुस्तके हातात घेऊन वर्षे म्हणत गेले आणि काही महिन्यांत ही गणिते डोक्यात न करता तोंडी येऊ लागली.

खऱ्या अर्थाने उपयोगी पडलेला शब्दसंग्रह त्या पुस्तकांतूनच आला. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने तो प्राथमिक नव्हे, पण प्राथमिक काय, हे शेवटी ज्याच्या त्याच्या कामावर ठरते. ‘तोम’ म्हणजे खंड. ‘रेल्ये’ म्हणजे पक्क्या बांधणीचे, ‘ब्रोशे’ म्हणजे कागदी वेष्टनाचे. ‘सां दात’ म्हणजे प्रकाशनवर्ष दिलेले नाही. ‘नूव्हेल एदिस्यों’नंतर येणारे दोन लांबलचक शब्द कोशात पाहिले, तर आपल्याकडच्या शीर्षकपृष्ठांवर छापतात तीच ‘सुधारून वाढवलेली’ आवृत्ती निघाली. अनुक्रमणिका, म्हणजे ‘ताब्ल दे मात्येर’, पुष्कळ फ्रेंच पुस्तकांत अगदी शेवटी असते. ती पुढे शोधून न सापडल्याने आमच्या एका जुन्या सहायकांनी दोन पुस्तकांवर ‘अपूर्ण प्रत’ असा शेरा मारून ठेवला होता, तो आम्ही आता काढला आहे. पुस्तकाच्या कण्यावरचे नाव तिकडे बहुधा खालून वर छापतात, त्यामुळे त्या कपाटांपुढे उभे राहिले की मान डाव्या खांद्याकडे झुकवावी लागते. शेवटच्या पानावर ‘देपो लेगाल’ अशी नोंद असते. प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत राजाच्या ग्रंथालयात जमा करण्याचा हुकूम पहिल्या फ्रान्स्वाने 1537 मध्ये काढला, त्याची ही परंपरा. आपल्याकडे 1954 च्या कायद्याने ज्या ग्रंथालयांत पुस्तके पाठवावी लागतात, त्यांत मुंबईच्या टाउन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय आहे. ‘देपो’ म्हणजे जमा करणे किंवा जमा करण्याची जागा. बेस्टच्या बसगाड्यांचा डेपो त्याच शब्दाचा वंशज.

वर्षाच्या शेवटी मी देल्फ परीक्षेची ए-एक ही पहिली पातळी दिली. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी 25 गुण असतात, एकूण 50 मिळाले की उत्तीर्ण, मात्र कोणत्याही भागात 5 पेक्षा कमी पडून चालत नाही. वाचनाची मला चिंता नव्हती. तोंडी परीक्षेत मात्र शब्दसंग्रहाचा खरा कस लागतो: टेबलावर पालथ्या चिठ्ठ्या असतात, प्रत्येकीवर एकच शब्द, आणि तो शब्द घेऊन आपण परीक्षकांना प्रश्न विचारायचा असतो. म्हणजे शब्द ओळखून भागत नाही, तो लगेच वापरता यावा लागतो. त्यानंतर खोटी नाणी आणि वस्तूंची चित्रे देऊन दुकानातला संवाद करवतात. किमती सांगताना ‘चार-वीस-दहा’ आडवे आले नाही, कारण परीक्षकांनी विचारलेली कोणतीही वस्तू सत्तरच्या वर गेलीच नाही.

उत्तीर्ण झाले, गुणही बरे मिळाले. ऐकण्याच्या भागात सर्वांत कमी. सध्या दुसऱ्या पातळीची कार्डे करते आहे आणि आता नामांपेक्षा क्रियापदे जास्त आहेत. भूतकाळात काही क्रियापदांच्या रूपांत कर्त्याचे लिंग दिसू लागते, ‘ती गेली’ आणि ‘तो गेला’ यांसारखे, म्हणून तिथे मराठीचा उपयोग पुन्हा होईल, असा बाईंचा होरा आहे. चारांपैकी अडीच कपाटांच्या नोंदी झाल्या आहेत. उरलेल्यांत कायद्याची पुस्तके बरीच आहेत, आणि त्यांच्यासाठी खणाला सहावा कप्पा करावा लागेल, असे दिसते.